दोनशे तासांनंतरची नोकरी

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती पडतो तेव्हा लॉगबुकात 200 तासांहून थोडे अधिक उड्डाण जमा झालेले असते आणि घरी बँकेचे हप्ते सुरू झालेले असतात. एअरलाइनमध्ये पुढे कधी कॅप्टन व्हायचे तर एटीपीएल, म्हणजे एअरलाइन वैमानिकाचा वरचा परवाना हवा आणि त्यासाठी 1500 तास हवेत. मधले तेराशे तास कुणी फुकट देत नाही. मोठ्या एअरलाइनच्या कॅडेट योजनेतून जे थेट एअरबसच्या उजव्या आसनावर, म्हणजे को-पायलट म्हणून, जाऊन बसतात त्यांचा हा प्रश्न पैशाच्या जोरावर सुटलेला असतो. उरलेल्यांपैकी काही जण फ्लाइंग स्कूलमध्येच प्रशिक्षक म्हणून राहतात, काही जण परवाना घरी ठेवून दुसरीकडे कामाला लागतात, आणि ज्यांचे नशीब बरे असते त्यांच्यासमोर दोन लहान दारे उघडतात. एक मागणीनुसार विमान भाड्याने देणाऱ्या चार्टर कंपनीचे, दुसरे लहान शहरांना जोडणाऱ्या कम्युटर कंपनीचे.

मी या दोन्ही दारांतून आत जाऊन आले आहे. आधी चार्टर, मग कम्युटर. त्यामुळे माझ्या जुन्या फ्लाइंग स्कूलमधली मुले-मुली अधूनमधून फोन करतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ताई, तास कुठे जास्त होतील?” दुसरा प्रश्न पगाराचा. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे सोपी आहेत. तास कम्युटरमध्ये जास्त होतात. पगाराचे कंपनीगणिक बदलते. अडचण अशी की, एवढ्यावर निवड केली तर आपण नेमके काय निवडले हे कळायला वर्ष जाते, आणि तोवर बाँडवर, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर, सही झालेली असते.

आपल्याकडे हे लहान धंदे किती दिवस टिकतात याकडे आधी पाहायला हवे. खरे तर भारतातली नियमित विमानसेवा सुरू झाली तीच अशा लहान प्रमाणावर. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका इंजिनाच्या पस मॉथ विमानाने जुहूला उतरले, तेव्हा त्या सेवेला आजच्या भाषेत कम्युटरच म्हटले असते. लहान शहरांसाठी सरकारने 1981 मध्ये ‘वायुदूत’ काढली. डॉर्निअर आणि अॅव्हरो विमानांनी तिने कुठकुठली गावे नकाशावर आणली आणि 1993 मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. मग ऑक्टोबर 2016 मध्ये ‘उडान’ योजना आली. 27 एप्रिल 2017 रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून या योजनेतल्या ज्या पहिल्या फेऱ्यांना झेंडा दाखवला त्यांत आपली नांदेड–हैदराबाद होती. ती चालवणारी ट्रूजेट 2022 मध्ये थांबली. मुंबईहून जळगाव आणि नाशिकला लहान बीचक्राफ्ट विमाने नेणारी नवी एअर डेक्कन त्याआधीच, 2020 च्या एप्रिलमध्ये, कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवून मोकळी झाली होती.

ही नावे मी कुणाला घाबरवण्यासाठी घेत नाही. कारण समजून घ्यायचे म्हणून घेते. ‘उडान’मध्ये निम्म्या जागा तासाभराच्या प्रवासाला सुमारे 2500 रुपयांच्या मर्यादेत विकायच्या आणि पडणारी तूट सरकारने भरून काढायची, अशी रचना आहे, पण ही मदत एका मार्गाला तीन वर्षेच मिळते. तीन वर्षांत प्रवासी तयार झाले तर मार्ग स्वतःच्या पायांवर उभा राहतो, नाहीतर विमान दुसरीकडे जाते. चिपीचे उदाहरण ताजे आहे. 9 ऑक्टोबर 2021 रोजी सिंधुदुर्गच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, मुंबईचे एटीआर, म्हणजे सत्तरेक आसनांचे पंख्याचे विमान, सुरू झाले, चाकरमान्यांना गणपतीला विमानाने जाता येऊ लागले, आणि मुदत संपल्यावर 2024 च्या ऑक्टोबरात ती मुंबईची फेरी बंद झाली. म्हणजे कम्युटर कंपनीत नोकरी धरणाऱ्याने वेळापत्रकावरचे मार्ग नुसते मोजू नयेत. त्यातल्या कुठल्या मार्गाची किती मुदत उरली आहे, हे विचारावे. मुलाखतीत नव्या उमेदवाराने असा प्रश्न विचारला तर समोरचे लोक दचकतात, दचकू द्यावे.

चार्टरला अशी मुदत नसते, कारण तिथे कुठलीच शाश्वती नसते. परवान्याच्या कागदावर या कंपन्या ‘नॉन-शेड्यूल्ड’ असतात आणि वैमानिकाचे आयुष्यही तसेच होते. मुंबईत ही दुनिया कलिन्याच्या बाजूला, गेट नंबर आठच्या आत आहे. टर्मिनल दोनच्या झगमगाटातून जाणाऱ्या प्रवाशाला तिचा पत्ताही नसतो. मी किंग एअर बी-200 या दोन इंजिनांच्या लहान विमानावर को-पायलट म्हणून लागले तेव्हा माझी समजूत होती की को-पायलटचे काम म्हणजे विमान उडवणे. ते होतेच. पण विमानात वर्तमानपत्रे कुठली ठेवायची, कुठल्या साहेबांना बिनसाखरेचा चहा लागतो, बर्फ किती घ्यायचा, मागच्या कप्प्यात बॅगा कशा रचायच्या, इंधनाच्या बाउझरवाल्याला कुणी फोन करायचा, हेही माझेच काम होते. एअर होस्टेस नसते, ग्राउंड स्टाफ असलाच तर मुंबईपुरता. बाहेरगावी विमानाचे दार उघडणारी, पायरी खाली सोडणारी, नमस्कार करणारी आणि चाकाला लाकडी ठोकळे लावणारी व्यक्ती एकच.

काही जणांना यात कमीपणा वाटतो. मला वाटला नाही, कारण या सगळ्यातून विमान नावाची वस्तू हाताखालून जाते. वजनाचेच पाहा. बी-200 चे उड्डाणावेळचे कमाल वजन 5670 किलो. टाक्या काठोकाठ भरल्या तर सगळ्या आसनांवर माणसे बसवता येत नाहीत, आणि माणसे भरली तर इंधन कमी घ्यावे लागते. एअरलाइनमध्ये हे गणित लोडशीटवर तयार होऊन कॉकपिटमध्ये येते. चार्टरमध्ये ते आपल्या वहीत असते. मे महिन्यात खानदेशातल्या एका लग्नाहून परत यायचे होते. जाताना सहा माणसे होती. येताना तीच सहा, पण सोबत मानपानाच्या साड्यांचे गठ्ठे, पितळी समई, आणि खोक्यांत भरलेले फराळाचे पदार्थ. धावपट्टीवर तापमान चाळिशीच्या पुढे, म्हणजे हवा विरळ. मी सामानाच्या वजनकाट्यावर एकेक गठ्ठा ठेवत होते आणि घरातल्या थोरल्या वहिनी शेजारी उभ्या राहून मला समजावत होत्या, “अगं, साड्यांना कुठलं आलंय वजन!” आम्ही दोन गठ्ठे आणि समई गाडीने पाठवली. वहिनींचा राग नाशिकच्या वरून जाईपर्यंत टिकला. पण वजन आणि तोल या विषयावर परीक्षेसाठी जे पाठ केले होते ते त्या दिवशी कुठे अंगात उतरले.

वाट पाहणे हा चार्टरचा दुसरा धडा, आणि त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. सकाळी साताला मुंबईहून निघायचे, आठला मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या धावपट्टीवर उतरायचे, प्रवासी गाड्यांच्या ताफ्यात बसून निघून जातात आणि आपण संध्याकाळपर्यंत तिथेच. कागदोपत्री या मधल्या काळाला विश्रांती म्हणता येते आणि तिच्या आधारे ड्युटीची मर्यादा थोडी वाढवताही येते, मात्र नियमाला त्यासाठी आराम करण्याजोगी जागा अपेक्षित आहे. प्रत्यक्षात पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणि एक कुत्रे. स्वच्छतागृहाचा प्रश्न तर पुरुष सहकाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसतो. एका धावपट्टीवर मी प्रत्येक वेळी वॉचमनच्या घरी जात असे. त्याच्या बायकोशी माझी इतकी ओळख झाली की तिच्या मुलीच्या दहावीच्या निकालाचा फोन मला आला. मुलींनी चार्टरची नोकरी घेण्याआधी हा मुद्दा विचारलाच पाहिजे, आणि विचारताना लाजू नये. कंपनी बाहेरगावी जवळच्या हॉटेलात खोली घेऊन देते का, एवढा साधा प्रश्न आहे. ‘हो’ म्हणणाऱ्या कंपन्या आहेत.

वाट पाहण्याचा खरा ताण मात्र सूर्य कलल्यावर सुरू होतो. लहान धावपट्ट्यांवर दिवे नसतात, तिथले काम दृश्य नियमांवर, म्हणजे व्हीएफआरवर चालते, आणि सूर्यास्तानंतर 20 मिनिटांच्या पलीकडे आपल्याकडे व्हीएफआर उड्डाण करता येत नाही. सभा मात्र घड्याळावर चालत नाहीत. माझे कॅप्टन हवाई दलातून निवृत्त झालेले होते. चार्टरमध्ये अशी मंडळी बरीच भेटतात आणि नवख्या को-पायलटला मिळणारी ही सर्वांत मोलाची गोष्ट असते. एकदा एका नेत्यांची सभा लांबत चालली होती. सरांनी दुपारी चारलाच स्वीय सहायकांना फोन केला, “सहाच्या आत साहेब विमानात बसले नाहीत तर आज मुक्काम, एवढं त्यांच्या कानावर घाला.” पलीकडून उत्तर आले की अजून दोन भाषणे बाकी आहेत. पाच वाजता पुन्हा फोन, पुन्हा तेच. उशीर अटळ दिसल्यावर सरांनी मला इंजिनांवर कव्हरे चढवायला सांगितली. पंखे पट्ट्यांनी बांधले, वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांवर लाल फिती लावली, दार बंद केले. ताफा धुरळा उडवत आला तेव्हा सूर्य टेकला होता आणि विमान निजवलेले होते. सर पायरीशी उभे राहून एवढेच म्हणाले, “साहेब, आता सकाळी सहाला.” नेत्यांनी त्या लाल फितींकडे पाहिले, हसले आणि गाडीत बसून निघून गेले.

हे सगळे त्या कॅप्टनच्या धिटाईमुळे घडले असे मला बरेच दिवस वाटायचे. पण दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीच्या मालकांचा फोन आला आणि त्यांनी चौकशी केली ती एवढीच की मुक्कामाची सोय नीट झाली का. कव्हरे का चढवली, हे त्यांनी विचारले नाही. तेव्हा कळले की कॅप्टनच्या धिटाईला मागून कुणीतरी टेकू दिलेला असतो. त्याच सुमारास माझी एक मैत्रीण दुसऱ्या चार्टर कंपनीत होती. तिच्या कॅप्टनने पावसाळ्यात एका लहान विमानतळावर दोनदा प्रयत्न करून उतरणे टाळले आणि विमान दुसरीकडे नेले. कुणी काही बोलले नाही. पुढच्या महिन्याभरात मात्र त्याचे नाव रोस्टरवर, म्हणजे उड्डाणांच्या पाळ्यांच्या यादीत, दिसेनासे झाले, आणि उड्डाण भत्त्यावर घर चालवणाऱ्या माणसाला ही शिक्षा पुरेशी असते. दोन्ही कंपन्यांकडे त्याच जातीचे विमान होते, पगारही आसपासच होता. जाहिरातीत दोन्हीकडे ‘सुरक्षितता सर्वप्रथम’ असेच लिहिलेले होते.

म्हणून मला फोन करणाऱ्यांना मी सांगते की मुलाखतीत एक प्रश्न विचारा: गेल्या वर्षभरात न उतरता परत आलेल्या किंवा उड्डाणच रद्द केलेल्या कॅप्टनचे पुढे काय झाले? तासांचे आणि पगाराचे उत्तर कंपनी तयार करून ठेवते. या प्रश्नाचे तयार उत्तर कुणाकडे नसते. हा प्रश्न मला एवढा मोठा का वाटतो, हे सांगायला 30 सप्टेंबर 2001 पुरेसा आहे. कानपूरच्या सभेसाठी निघालेले माधवराव शिंदे आणि त्यांच्यासोबतचे सात जण मैनपुरीजवळ किंग एअर सी-90 कोसळून गेले. हवामान वाईट होते. कॉकपिटमध्ये त्या दिवशी काय बोलणे झाले, याबद्दल अंदाज बांधण्याचा मला अधिकार नाही. पण तेव्हापासून या धंद्यातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला हे ठाऊक आहे की मागच्या आसनावरच्या माणसाचे घाईत असणे ही हवामानाइतकीच मोजायची गोष्ट आहे. 28 जून 2018 रोजी घाटकोपरला किंग एअर सी-90 पडले तेव्हा तर मागे एकही प्रवासी नव्हता. दुरुस्तीनंतरचे ते चाचणी उड्डाण होते, ऐन पावसाळ्यात, जुहूहून. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक जण गेला. ही बातमी ऐकली त्या दिवसापासून मी हवामानासोबत हँगरबद्दलही विचारू लागले. विमान कुणी दुरुस्त केले, कुणी तपासले, आणि आजच उडवायची घाई कुणाला आहे?

कम्युटरमध्ये गेल्यावर पहिल्यांदा जाणवले ते रोस्टर. पुढच्या आठवड्यात मी कुठे असेन हे मला आधी कळू लागले, आणि आईला ते माझ्याहून जास्त आवडले. एटीआर 72 वर सत्तरेक प्रवासी, दोन केबिन क्रू, खाली ग्राउंड स्टाफ, हातात लोडशीट. आता बर्फ मोजायचा नव्हता. त्या जागी एकच मार्ग दिवसातून चार वेळा, आठवड्यातून चार-पाच दिवस, आणि तासांची भर इतक्या वेगाने की वर्षाच्या मर्यादेचा, म्हणजे 1000 तासांचा, हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. चार्टरच्या लोकांना हे कंटाळवाणे वाटते. ते म्हणतात, एसटी चालवल्यासारखे आहे. मला एसटीबद्दल आदर असल्याने ही तुलना झोंबली नाही, पण ती अपुरी मात्र आहे. एकाच धावपट्टीवर सकाळचे धुके, दुपारचा उन्हाचा उसळता वारा, संध्याकाळचा आडवा वारा आणि पावसाळ्यातली ओली डांबर असे सगळे पाहिल्यावर त्या जागेचा स्वभाव जो कळतो तो दहा वेगळ्या धावपट्ट्यांवर एकेकदा उतरून कळत नाही. कोकणातल्या सड्यावर समुद्राकडून येणारा वारा शेवटच्या काही सेकंदांत विमान कसे उचलतो, हे मी वाचून शिकले नाही.

शिवाय इथे आपली प्रत्येक लँडिंग नोंदली जाते. जमिनीला चाके जोरात टेकली, उतरताना वेग जरा जास्त राहिला, की दोन दिवसांनी सुरक्षा विभागातून बोलावणे येते आणि आलेख समोर ठेवला जातो. प्रथम राग येतो, मग सवय होते, मग आपण स्वतःच तो आलेख मागू लागतो. चार्टरमध्ये माझ्या लँडिंगचे मूल्यमापन सरांच्या भुवया करीत आणि मागचे प्रवासी झोपेतून जागे झाले की नाही यावर ते थांबे. चांगल्या कॅप्टनसोबत ते पुरते. वाईट कॅप्टनसोबत मात्र आपण त्याच्या सगळ्या वाईट सवयी बक्षीस म्हणून घेऊन बाहेर पडतो, आणि हे कळायला पुढच्या नोकरीतला पहिला सिम्युलेटर चेक (नकली कॉकपिटमधली परीक्षा) यावा लागतो. चार्टरबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. तिथे शिक्षण एका माणसावर अवलंबून असते.

मात्र कम्युटरमध्ये ‘नाही’ म्हणणे सोपे असते, असे कुणी समजू नये. तिथे मागे नेता नसतो, पण वेळापत्रक असते, आणि ते नेत्यापेक्षा हट्टी असते. फेरी रद्द झाली की सत्तर जणांचे परतावे, त्यांची गाड्यांची सोय, विमान चुकीच्या गावी अडकणे, पुढच्या तीन फेऱ्या कोलमडणे आणि प्रसंगी सरकारी अनुदानाचा हिशेब, असे सगळे एकमेकांत गुंतलेले असते. 2019 च्या नोव्हेंबरात शिर्डीची सेवा दृश्यमानतेअभावी बरेच दिवस बंद राहिली होती. व्हीएफआरसाठी किमान 5 किलोमीटरपर्यंत दिसायला हवे, ते दिसत नव्हते. साईभक्तांचा राग, हॉटेलवाल्यांचा राग, वर्तमानपत्रांतल्या बातम्या असे सगळे तेव्हा झाले. तरी नियम इतका स्पष्ट होता की कुठल्याही एका कॅप्टनला एकट्याने खलनायक व्हावे लागले नाही. कम्युटरचे हे मोठे सुख आहे. नकार नियमपुस्तकातून येतो. नियम काठावर असतो तिथे मात्र, म्हणजे दृश्यमानता पाचाच्या जरा वर आणि ढगांची उंची किमान मर्यादेच्या जरा वर असते तिथे, ऑप्सच्या, म्हणजे उड्डाणांचे नियोजन पाहणाऱ्या विभागाच्या, फोनमधला आवाज बदलतो. ‘कॅप्टन, बाकीचे उतरलेत’ हे वाक्य मी ज्या स्वरांत ऐकले आहे ते मला लिहून दाखवता येणार नाहीत.

आता तासांकडे वळते, कारण त्यांना मी उगीच हलके लेखले असे व्हायला नको. एअरलाइनच्या अनेक जाहिरातींत 5700 किलोंहून जड विमानावरच्या तासांची अट असते. बी-200 त्या रेषेच्या तीस किलो खाली राहते. म्हणजे किंग एअरवर पावसाळे काढलेला माणूस काही ठिकाणी अर्ज भरतानाच अडतो, आणि एटीआरवर तेवढाच काळ काढलेला पुढे जातो. यात न्याय आहे असे मला वाटत नाही. किंग एअरवर दोन माणसे मिळून जेवढे निर्णय घेतात तेवढे निर्णय घ्यायला एटीआरमागे अख्खे कार्यालय असते. पण छाननी करणारा माणूस रकाना बघतो, आणि त्याला दोष देऊन हप्ते फिटत नाहीत. ज्याचे ध्येय एअरलाइनच आहे आणि ज्याच्यावर कर्ज मोठे आहे त्याने, कंपनी बरी असेल तर, कम्युटरकडे झुकावे असेच मी सांगते. ज्याला लहान जेटवर कमांड हवी आहे, अनोळखी जागी जाण्याची हौस आहे आणि महिन्याकाठी तास कमी झाले तरी चालणार आहेत, त्याने चार्टर घ्यावी. माझ्या ओळखीत असेही आहेत की जे एअरलाइनमध्ये जाऊन परत गेट नंबर आठला आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नाही.

कागदांबद्दल थोडे. टाइप रेटिंगचा, म्हणजे एका ठरावीक जातीचे विमान उडवण्याच्या पात्रतेचा, खर्च लाखांत जातो; तो कंपनी करते तेव्हा बदल्यात बाँड घेते, आणि काही ठिकाणी बाँडसोबत पुढच्या तारखांचे सही केलेले धनादेशही मागतात. धनादेश देऊ नयेत. बाँडची रक्कम दर महिन्याला कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच राहते, हे वाचावे. कंपनीनेच विमान परत केले किंवा मार्ग बंद केला तर बाँडचे काय, हे कलम बहुतेक करारांत नसते. ते घालून मागावे. 2017 पासूनच्या नियमानुसार नोकरी सोडताना फर्स्ट ऑफिसरला (को-पायलटला) सहा महिन्यांची आणि कमांडरला (कॅप्टनला) वर्षाची आगाऊ सूचना द्यावी लागते, त्यामुळे चुकीच्या जागी अडकलेल्याला बाहेर पडायला बाँडखेरीजही वेळ लागतो. आणि पगाराची तारीख ऑफर लेटरवर न पाहता तिथल्या एखाद्या इंजिनिअरला विचारावी. इंजिनिअर खोटे बोलत नाहीत, निदान पगाराबाबत.

हँगरमध्ये जाऊन यावे, हेही मी प्रत्येकाला सांगते. मुलाखतीनंतर ‘विमान बघायला मिळेल का’ असे विचारले की चांगली कंपनी हौसेने दाखवते. तिथे चकचकीत रंगाकडे न पाहता टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या वहीत, काय लिहिले आहे ते पाहायला मिळाले तर पाहावे. जिथे पानामागून पान ‘निल स्नॅग’, म्हणजे काहीच बिघाड नाही, असे लिहिलेले दिसते तिथे मला काळजी वाटते. दोन इंजिनांचे, दोन-तीन दशके वापरलेले विमान रोज उडते आणि त्यात एक दिवाही जात नाही, एक इंडिकेटरही चुकत नाही, हे पटण्यासारखे नाही. कुठेतरी वैमानिक बिघाड तोंडी सांगत आहेत आणि कागदावर येऊ देत नाहीत. उलट, जिथे लहानसहान बिघाड लिहिलेले आहेत, पुढे दुरुस्तीची सही आहे, आणि एखादा बिघाड नियमानुसार ठरावीक मुदतीसाठी पुढे ढकलल्याची नोंद आहे, तिथे लोक एकमेकांना खरे सांगतात.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका मुलीचा फोन आला. तिच्यापुढे दोन्ही ऑफर होत्या: एका चार्टर कंपनीत बी-200 वर, दुसरी कम्युटरमध्ये एटीआरवर. घरी शेती, वडिलांनी जमीन गहाण ठेवून फी भरलेली. माझे मन अर्थातच एटीआरकडे होते आणि ते मी लपवले नाही. न उतरता परत आलेल्या कॅप्टनचे पुढे काय झाले, हा प्रश्न तिने दोन्हीकडे विचारला. कम्युटर कंपनीच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांनी सांगितले की त्यांच्याकडे असे प्रसंग येतच नाहीत, त्यांचे नियोजन फार काटेकोर आहे. चार्टर कंपनीच्या ऑप्स प्रमुखांनी थोडा विचार केला, मग जूनमधली एक तारीख सांगितली, विमान कुठून कुठे वळवले ते सांगितले, प्रवासी किती चिडले तेही सांगितले, आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या कॅप्टनला हाक मारून म्हणाले, “हिला सांगा, त्या दिवशी मी तुम्हाला काय बोललो ते.” कॅप्टन म्हणाले, “काही नाही. डबा खाल्लात का, एवढंच विचारलंत.”

तिने चार्टर घेतली. 5700 किलोंची आठवण मी तिला पुन्हा करून दिली, आणि ती म्हणाली की ताई, ते मला माहीत आहे, दोन वर्षांनी बघू. बाँड तिने वाचून घेतला आहे, रक्कम दर महिन्याला घटणारी आहे. कंपनीने विमान परत केल्यास बाँड रद्द, हे कलम त्यांनी बऱ्याच वाटाघाटीनंतर घातले. बाहेरगावच्या खोलीबद्दल मात्र तोंडी आश्वासनच मिळाले, ते लेखी आणायला मी तिला परत पाठवले आहे.